अभ्यासक्रम बदलतो तो कुठे?

गेल्या जूनमध्ये माझा एक जुना विद्यार्थी दाखल्यासाठी घरी आला होता. मराठी माध्यमातून दहावी झालेला, शाळेत दुसरा आलेला, गणितात हुशार. पी.यू.सी. विज्ञान कसेबसे पार पडले. बी.एस्सी.च्या पहिल्याच वर्षी चार विषय राहिले आणि त्याने कॉलेज सोडले. आता बेळगावात मोटारीच्या सुट्या भागांच्या दुकानात कामाला लागायचे म्हणत होता. मी विचारले, "अरे, भौतिकशास्त्र तुझ्या आवडीचे. त्यातच कसा राहिलास?" तो म्हणाला, "सर, उत्तर येत होतं. प्रश्नच कळला नाही."

संवेग म्हणजे काय हे त्याला मीच शिकवले होते आणि ते त्याला चांगले येत होते. मोमेंटम म्हणजेच संवेग, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. जडत्व येत होते, इनर्शिया येत नव्हता. वर्गात जे चालले आहे ते आपण शिकलेलेच आहे, एवढे कळण्यात त्याचे पहिले सहा महिने गेले आणि ते कळेपर्यंत वर्ग पुढे निघून गेला होता.

सीमाभागातल्या कोणत्याही गावात चौकशी करा, असा एखादा तरी मुलगा सापडेल. मुलीही सापडतील. पण मुलगी कॉलेजातून गळाली की गावात त्याची नोंद 'लग्न ठरले' अशी होते, म्हणून त्यांचा हिशेब लागत नाही.

मी समितीचे काम करू लागलो त्याला बावीस वर्षे झाली. या काळात तहसीलदारापासून मंत्र्यांपर्यंत आम्ही दिलेल्या निवेदनांच्या प्रती माझ्या घरी दोन पेट्यांत आहेत. मराठीतून कागदपत्रे द्या, मराठी शाळांना शिक्षक द्या, पाटीवर मराठी ठेवा. सगळ्या मागण्या रास्तच. त्या पेट्या अलीकडे मी पुन्हा उघडल्या. कॉलेजात गेलेल्या मुलांविषयीची निवेदने निघाली तीन, आणि तिन्ही चुकीच्या दारात दिलेली. त्यांपैकी एक आम्ही एका विद्यापीठाला पाठवले होते. पाच महिन्यांनी दोन ओळींचे उत्तर आले की, सदर बाब संबंधित मंडळापुढे मांडावी. कोणते मंडळ, ते लिहिले नव्हते. आम्हीही विचारले नाही. विचारायचे असते हे ठाऊक नव्हते. बी.एड. झालेल्या, तीस वर्षे वर्गात उभ्या राहिलेल्या माणसाला हे कबूल करताना संकोच वाटतो. पण शाळेचे पुस्तक कसे तयार होते हे मला माहीत होते, कॉलेजचा अभ्यासक्रम कोण ठरवतो आणि तो कसा बदलतो हे माहीत नव्हते.

ते कळले बडोद्यास. वाचक म्हणतील, खानापूर-बेळगावचे दुखणे सांगता सांगता हे गृहस्थ गुजरातेत कशाला निघाले? त्याचे कारण असे की, माझी अक्का लग्न होऊन तिकडे गेली. दाजी रेल्वेत होते. भाचा तिथल्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात विज्ञान शाखेत शिकला आणि आता एका रसायनाच्या कारखान्यात आहे. दिवाळीच्या सुटीत त्यांच्याकडे गेलो असता माझ्या विद्यार्थ्याची गोष्ट जेवताना निघाली. भाचा म्हणाला, "मामा, तुम्ही आमच्या सरांना भेटा. ते अभ्यास मंडळावर होते." हे सर निवृत्त प्राध्यापक, मराठीच, दांडिया बझारात राहतात. दोन तास बसून त्यांनी मला सगळी वाट समजावून सांगितली. जी मी बावीस वर्षांपूर्वी समजून घ्यायला हवी होती.

बडोद्याविषयी थोडे सांगितले पाहिजे, कारण आपल्या प्रश्नाला तिथे आरसा लावल्यासारखा दिसतो. तिथे राजा मराठी आणि प्रजा गुजराती. नाशिक जिल्ह्यातल्या कवळाण्याचा शेतकऱ्याचा मुलगा गादीवर आला आणि सयाजीराव झाला. त्याने प्रजेवर मराठी लादली नाही. राज्यकारभार गुजरातीतून चालवला आणि मराठी मुलांसाठी मराठी शाळाही ठेवल्या. १८९३ साली अमरेली भागात आणि १९०६ साली साऱ्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. १८९० साली त्रिभुवनदास गज्जर यांच्या पुढाकाराने कलाभवन निघाले. तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रविद्या यांचे शिक्षण देशी भाषेतून द्यावे असा आग्रह होता. आपले दादासाहेब फाळके या कलाभवनाचे विद्यार्थी. शास्त्रीय विषयांची पुस्तके देशी भाषांत व्हावीत म्हणून महाराजांनी पैसा ओतला. १९३१ साली राज्यकारभारातल्या शब्दांचा 'सयाजी शासन शब्द कल्पतरू' निघाला, त्यात एकेका शब्दाला आठ भाषांतले प्रतिशब्द दिले होते. गुजराती, मराठी, उर्दू, बंगाली सगळ्या शेजारी शेजारी. आज एका पाटीवर दोन भाषा नांदत नाहीत, अशा मुलखात राहणाऱ्या माणसाला हे वाचून काय वाटेल ते लिहायला नको.

पण कॉलेजची कथा निराळी. बडोदा कॉलेज १८८१ सालचे. ते मुंबई विद्यापीठाला जोडलेले होते, त्यामुळे महाराज कितीही थोर असले तरी त्यांच्या कॉलेजात काय शिकवायचे ते मुंबईस ठरे. १९४९ साली संस्थान विलीन होण्याच्या सुमारासच बडोद्याचे स्वतःचे विद्यापीठ झाले, हंसाबेन मेहता पहिल्या कुलगुरू झाल्या, आणि शिक्षणाचे माध्यम इंग्रजी ठरले. ते आजही इंग्रजीच आहे. कलाभवनाचे पुढे तंत्रशास्त्र आणि अभियांत्रिकी विद्याशाखेत रूपांतर झाले आणि तिथली देशी भाषाही गेली. सयाजीरावांच्या नावाच्या विद्यापीठाने सयाजीरावांचे अर्धेच काम पुढे नेले, असे मी त्या प्राध्यापकांना म्हणालो. त्यांना ते पटले नाही. इंग्रजी होती म्हणून देशभरातले शिक्षक आणि विद्यार्थी इथे आले, नाहीतर हे एका जिल्ह्याचे कॉलेज राहिले असते, असे त्यांचे म्हणणे. त्यातही तथ्य आहे.

मग त्यांनी मला जे सांगितले त्याने माझे डोळे उघडले. गुजरातेत बारावी विज्ञान गुजराती माध्यमातून करता येते. तसा शिकलेला मुलगा बी.एस्सी.ला येतो तेव्हा त्याचीही गत माझ्या विद्यार्थ्यासारखीच होते. राज्य त्याचे, मंत्री त्याचे, पोलीस त्याचे, पाटी त्याच्या भाषेतली, आणि तरी पहिल्या वर्षाच्या वर्गात तो तसाच गोंधळलेला चेहरा घेऊन बसतो. आमचे मूल परक्या राज्यात आहे म्हणून नापास होते, असे मी आजवर सभांतून सांगत आलो. ते पूर्ण खरे नाही. उद्या आपली गावे महाराष्ट्रात गेली, आणि ती जावीत ही माझी कालही इच्छा होती व आजही आहे, तरी कोल्हापुरातही बी.एस्सी.चे भौतिकशास्त्र इंग्रजीतच शिकवतात. महाराष्ट्राने सर्वोच्च न्यायालयात दावा दाखल केला २००४ साली. त्याला दोन दशके उलटून गेली. तेवढ्या काळात पहिलीत बसलेली मुले पदवीधर व्हायला हवी होती. त्यांतली किती मधेच गळाली?

आता अभ्यासक्रम बदलण्याची वाट कशी असते ते सांगतो. थोडे रुक्ष वाटेल, पण वाचावे.

समजा, बी.एस्सी.च्या रसायनशास्त्रात प्रदूषण कमी करणाऱ्या प्रक्रियांवर एक नवा भाग घालायचा आहे. बडोद्याच्या आसपास रसायनांचे कारखाने भरपूर, त्यामुळे तिथे अशी मागणी होणे साहजिक. मागणी कोणीही करू शकतो, शिकवणारा, माजी विद्यार्थी, कारखानदार. पण मागणी म्हणजे प्रस्ताव नव्हे. प्रस्ताव विभागातला एखादा शिक्षक बसून लिहितो. त्यात तास किती, श्रेयांक किती, प्रयोग कोणते, पुस्तके कोणती, परीक्षेत गुण कसे वाटायचे हे सगळे असावे लागते. आणि आणखी एक गोष्ट असावी लागते. नवा भाग घालायचा तर जुना कोणता काढायचा? वर्षाचे तास ठरलेले असतात, ते रबरासारखे ताणत नाहीत. प्राध्यापक हसून म्हणाले, "घालायला सगळे तयार असतात हो. काढायला कोणी तयार नसतो. ज्याने तो भाग वीस वर्षे शिकवला, त्याच्या वह्या तयार असतात ना!" विभागाच्या बैठकीत खरे भांडण होते ते यावर.

तिथून प्रस्ताव जातो अभ्यास मंडळाकडे. प्रत्येक विषयाचे असे एक मंडळ असते. त्यात विभागप्रमुख, विषयाचे काही शिक्षक आणि बाहेरच्या संस्थांतले तज्ज्ञ असतात. बैठकीची विषयपत्रिका आधी निघते, आणि विषयपत्रिकेवर जे नाही त्याची चर्चा सहसा होत नाही. विषयाची खरी छाननी इथे होते. कोणता धडा, कोणत्या खोलीपर्यंत, कशाच्या आधी, कशाच्या नंतर. एकेक ओळ वाचली जाते. बैठकीचे इतिवृत्त लिहिले जाते आणि पुढे चालते ते इतिवृत्त. कोण काय तावातावाने बोलले, ते मागे राहते.

मग विद्याशाखेचे मंडळ. अधिष्ठाता अध्यक्ष. बडोद्याच्या विज्ञान शाखेत भौतिक, रसायन, गणित, संख्याशास्त्र, वनस्पती, प्राणी, भूगर्भ, भूगोल, जीवरसायन, सूक्ष्मजीव असे विभाग एका छपराखाली आहेत. रसायनवाल्यांनी एक तास वाढवून घेतला तर तो कोणाचा तरी कमी होतो. प्रयोगशाळा रिकामी आहे का? वेळापत्रकात बसते का? इतर विषयांच्या मुलांनाही ते घेता येईल का? इथे विषयापेक्षा व्यवहार जास्त पाहतात. त्यानंतर कुलगुरूंच्या अध्यक्षतेखालची विद्या परिषद. तिथे सगळ्या शाखांचे लोक असतात. मंजूर, नामंजूर किंवा फेरविचारासाठी परत, असे तीन निकाल संभवतात आणि तिसरा सर्वांच्या सोयीचा असतो. बहुतेक विद्यापीठांच्या कायद्यांत एक चांगली गोष्ट आहे. वरची परिषद अभ्यासक्रम नाकारते किंवा परत पाठवते, पण तज्ज्ञांचे म्हणणे न घेता स्वतः बसून तो लिहीत नाही. काय शिकवावे हे लिहिण्याचे काम त्या विषयाच्या माणसांकडेच राहते.

पैसा लागणार असेल, शिक्षकाची नवी जागा हवी असेल, तर आणखी वर जावे लागते. पूर्वी ते सिंडिकेटकडे जाई. २०२३ सालच्या गुजरात सार्वजनिक विद्यापीठ कायद्याने बडोद्यासह तिथल्या अकरा विद्यापीठांतल्या सेनेट आणि सिंडिकेट संपल्या आणि त्यांच्या जागी व्यवस्थापन मंडळ आले. पदवीधरांनी मते देऊन सेनेटवर आपला माणूस पाठवण्याची वाट त्याबरोबर बंद झाली. याविषयी बडोद्यात बरीच हळहळ आहे, आणि मला वाटते ती योग्य आहे. पण अभ्यासक्रम लिहिणारे अभ्यास मंडळ ही पायरी कायद्याने काढलेली नाही, ती काढून चालणारही नाही.

एवढे होऊन अंमल लगेच नाहीच. तो पुढल्या जूनपासून, तोही पहिल्या वर्षापासून. आधी प्रवेश घेतलेल्यांना जुनाच अभ्यासक्रम आणि जुन्याच परीक्षा. आज सुचलेली गोष्ट तिसऱ्या वर्षाच्या मुलापर्यंत पोचायला चार वर्षे लागू शकतात. म्हणून वाटते की आज एक वर्ष वाया घालवले, तर प्रत्यक्षात मुलांचे चार जातात.

हे ऐकून मला न्यायमूर्ती रानड्यांची आठवण झाली. मुंबई विद्यापीठाच्या वरच्या परीक्षांतून मराठी, गुजराती, कानडी या भाषा हद्दपार झाल्या होत्या. त्या परत आणण्यासाठी रानड्यांनी वर्षानुवर्षे खटपट केली ती विद्यापीठाच्या सेनेटमध्ये बसून. सदस्यांची मने वळवीत, आक्षेपांना उत्तरे देत. १९०१ साली, त्यांच्या निधनाच्या सुमारास, मराठीला एम.ए.च्या अभ्यासक्रमात जागा मिळाली. आज आपल्या भागातली मुले मराठी घेऊन एम.ए. होतात, त्यामागे कोणाचा तरी विषयपत्रिकेवर विषय लावून घेण्याचा चिवटपणा आहे.

कायद्याच्या बाजूने काय आधार आहे? आपण भाषणांतून ३५० अ कलमाचा उल्लेख नेहमी करतो. १९५६ साली राज्ये नवी झाली तेव्हा घटनादुरुस्तीने ते आले. मातृभाषेतून शिक्षणाची सोय करावी असे ते सांगते, पण कशाची? प्राथमिक शिक्षणाची. ते कलम शाळेच्या दारात थांबते, कॉलेजच्या फाटकापर्यंत येत नाही. गुजरातेतलाच एक खटला मात्र आपल्या प्रत्येक कार्यकर्त्याला माहीत असायला हवा. एका मराठी मुलाने १९६० साली एस.एस.सी.ची परीक्षा मराठीतून दिली आणि तो अहमदाबादच्या सेंट झेवियर्स कॉलेजात गेला. पहिले वर्ष इंग्रजीतून झाले. पुढच्या वर्षी त्याला सांगण्यात आले की आता गुजरात विद्यापीठाच्या नियमांप्रमाणे इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसता येणार नाही. वडील न्यायालयात गेले. सर्वोच्च न्यायालयाने १९६२ साली निकाल दिला. विद्यापीठाच्या कायद्यात गुजराती आणि हिंदीच्या वापराला उत्तेजन द्यावे असे म्हटले होते. उत्तेजन देणे म्हणजे इतर भाषा बंद करून तीच लादणे नव्हे, असे बहुमताने ठरले. खटल्याचे नाव 'गुजरात विद्यापीठ विरुद्ध कृष्ण रंगनाथ मुधोळकर'. आडनाव पाहा, आपल्याच बाजूच्या मुधोळची आठवण देणारे. मात्र हेही ध्यानात घ्यावे की त्या मुलाला मराठी नको होती, इंग्रजी हवी होती. या निकालाने सक्ती अडवली. आपल्या भाषेची सोय करून देण्याविषयी तो काही सांगत नाही.

सक्तीचा अनुभव आपल्याकडेही अलीकडचाच आहे. २०२१ साली कर्नाटक सरकारने पदवीच्या विद्यार्थ्यांना कन्नड सक्तीचे करणारा आदेश काढला. विषयाच्या मंडळांतून वर आलेली ही गोष्ट नव्हती, सरकारी आदेशाने वरून खाली आलेली होती. २०२२ साली उच्च न्यायालयाने त्या सक्तीला अंतरिम आदेशाने रोखले. चार वर्षांची पदवीही अशीच आली आणि २०२४ साली अशीच गेली, पुन्हा तीन वर्षांची झाली. वरून आलेला बदल सरकार बदलले की उडतो, असा हा अनुभव आहे. मंडळातून, परिषदेतून, इतिवृत्तातून आलेला बदल काढायला पुन्हा तितक्याच पायऱ्या चढाव्या लागतात. म्हणून तो टिकतो.

एप्रिल २०२३ मध्ये विद्यापीठ अनुदान आयोगाने सर्व विद्यापीठांना पत्र पाठवले. शिकवणे इंग्रजीतून असले तरी विद्यार्थ्यांना स्थानिक भाषेत उत्तरे लिहू द्यावीत, असे त्यात म्हटले होते. आपल्याकडे काहींनी पेढे वाटले. अहो, पत्र म्हणजे नियम नव्हे. ते पत्र कुठल्या तरी परिषदेपुढे ठेवावे लागते, परीक्षेचा नियम बदलावा लागतो, मराठी उत्तरपत्रिका तपासणारे परीक्षक नेमावे लागतात. शिवाय 'स्थानिक भाषा' म्हणजे बेळगावात कोणती? हा प्रश्न आपण विचारला नाही तर त्याचे उत्तर दुसरे कोणी तरी देईल. वैद्यकीय प्रवेशाच्या 'नीट' परीक्षेत हेच झाले आहे. तिची प्रश्नपत्रिका मराठीत मिळते, पण महाराष्ट्रातल्या केंद्रांवर. बेळगावच्या मुलीला मराठी प्रश्नपत्रिका हवी असेल तर तिने आदल्या दिवशी कोल्हापूर गाठावे. सोय आहे, पण हद्दीच्या पलीकडे.

मग आपण मागायचे काय? समितीच्या गेल्या बैठकीत मी मांडले ते असे. बी.एस्सी. मराठीतून द्या अशी मागणी आज करू नये. पुस्तके, शिक्षक, परीक्षक काहीच हाताशी नाही. मागावे ते एवढेच की पहिल्या सत्राच्या सुरुवातीला मातृभाषेतून आलेल्या मुलांसाठी पंधरा-वीस तासांचा सेतू वर्ग असावा, आणि प्रत्येक विज्ञान विषयाच्या अभ्यासक्रमाला शब्दांची एक जोडयादी असावी. इंग्रजी शब्द, शेजारी कन्नड, शेजारी मराठी. कन्नड माध्यमाच्या खेडेगावातल्या मुलाचेही दुखणे हेच आहे, म्हणून ही यादी तीन रकान्यांची हवी. त्याचा बापही आपल्यासारखाच शेतकरी आहे, आणि त्याच्यासाठी मागितले तर मंडळात आपल्या बाजूने बोलणारी माणसे वाढतील. मराठी शब्द नव्याने पाडायला नकोत. महाराष्ट्राच्या भाषा संचालनालयाचे भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र यांचे परिभाषा कोश कधीचेच तयार आहेत. आपल्या वाचनालयांत ते नसतील, तर तो दोष सरकारचा नव्हे, आपलाच.

बैठकीत यावर वाद झाला आणि तो लपवण्यात अर्थ नाही. आमच्यातले एक ज्येष्ठ, आम्ही त्यांना आण्णा म्हणतो, १९८६ च्या कन्नड सक्तीविरोधी आंदोलनात लाठ्या खाल्लेले, उठून म्हणाले, "मास्तर, हक्क मागत होतो, आता शब्दांच्या याद्या मागायच्या? तेही कन्नडच्या शेजारी बसून?" मी त्यांच्यापुढे आवाज चढवत नाही. मी त्या मुलाची गोष्ट सांगितली. आण्णा बराच वेळ गप्प बसले. मग त्यांनी विचारले, "ते मंडळ भरतं कुठं?" त्यांचा विरोध गेला असे मी म्हणत नाही. पण प्रश्न त्यांनी बरोबर विचारला.

त्याचे उत्तर असे. पी.यू.सी. हे विद्यापीठाकडे नसते, ते राज्याच्या शिक्षण खात्याकडे. ती वाट वेगळी आहे, तिच्याविषयी पुन्हा कधी. पदवीसाठी आपल्या भागातली कॉलेजे १९५० नंतर धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठाकडे होती, २०१० पासून राणी चन्नम्मा विद्यापीठाकडे आहेत. बडोद्यात एक सोय आहे. तिथे अभ्यासक्रम लिहिणारे आणि शिकवणारे त्याच आवारातले, चहाला एकत्र बसणारे. आपल्याकडे विद्यापीठ एकीकडे आणि कॉलेजे जिल्हाभर विखुरलेली. अभ्यासक्रम आपल्या शिक्षकांच्या हाती छापून येतो आणि तो जणू आकाशातून पडला असे मानून ते शिकवायला लागतात. पण अभ्यास मंडळांवर संलग्न कॉलेजांतल्या शिक्षकांनाही घेतात. आपल्यातले किती प्राध्यापक अशा मंडळांवर गेले, तिथे काय बोलले, हे आपण कधी विचारले का? सत्कार केले, शाल-श्रीफळ दिले. विचारले मात्र काही नाही. साहित्य संमेलनाच्या स्वागत समितीवर जायला आपल्याकडे रांग लागते, अभ्यास मंडळाचे नावही कोणी घेत नाही, कारण तिथे हार नाही आणि फोटोही नाही.

माझा विद्यार्थी दाखला घेऊन गेला. जाताना त्याला मी संवेगापासून सुरू करून दोनशे शब्दांची वही करायला सांगितले. त्याने दुकानात बसून निम्मी केली आहे आणि मागच्या आठवड्यात आणून दाखवली. अक्षर अजून चांगले आहे. तीच वही आम्ही मसुद्याला जोडणार आहोत.

मसुदा एक पानाचा आहे. भाच्याच्या प्राध्यापकांनी सांगितले त्याच क्रमाने लिहिला आहे, तास, श्रेयांक, पुस्तके, परीक्षा. एक रकाना मात्र रिकामा आहे. सेतू वर्गासाठी पंधरा-वीस तास हवेत, तर पहिल्या सत्रातला कोणता भाग कमी करायचा? ते आम्हा शाळामास्तरांना सांगता येणार नाही. भौतिक, रसायन, गणित शिकवणारे आपल्यातले जे प्राध्यापक आहेत, मग ते सेवेत असोत वा निवृत्त, त्यांनी येत्या महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी दहा वाजता आमच्या शाळेत यावे. चालू अभ्यासक्रमाची प्रत बरोबर आणावी. आण्णाही येणार आहेत.